दोन अर्धी तिकिटं

शनिवार, रात्री साडेदहा

मंगळवारी धुणं भिजवताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात एस.टी.चं तिकीट सापडलं. पाण्यानं शाई पुसलेली. 'वाडी' एवढं वाचता आलं, म्हणजे नरसोबाची वाडी, आणि 'अर्धे २'. आदल्या दिवशी हे 'वाचनालयात जाऊन येतो' म्हणून गेलेले. ह्यांचं वय सदुसष्ट, म्हणजे एक अर्धं ह्यांचं. दुसरं? अर्धं तिकीट आता बायकांनाही असतं.

तीन दिवस मी काही बोलले नाही. पण आमटीत मीठ दोनदा पडलं, एवढं खरं.

काल रात्री झोप येईना म्हणून 'संशयकल्लोळ' नाटक वाचायला काढलं. ते लिहिणारे गो. ब. देवल आमच्या हरिपूरचे, त्यामुळे हे पुस्तक घरात कायम असतं. मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६०ची. ती इंग्रजीतून फिरत फिरत देवलांकडे आली. आधी त्यांनी 'तसबिरीचा घोटाळा' गद्यात केला, मग पदं घालून १९१६ साली 'संशयकल्लोळ'. त्याच वर्षी ते गेले.

लहानपणी वाटायचं, त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव येडा आहे. काल वाचताना लक्षात आलं, त्या नाटकात कुणाचीच नजर चुकत नाही. रेवती नावाच्या गायिकेला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेच्या हातात असते, फाल्गुनराव ती बघतो. दिसतं ते सगळं खरंच असतं! वर फाल्गुनरावाला पुरावा गोळा करण्याची कसली हौस. तसबीर हाती लागल्यावर तो दुःखी कमी आणि हुशार जास्त होतो. तिथं मी पुस्तक मिटलं. कारण तिकीट मी वाळवून, इस्त्री फिरवून, पोळपाटाखाली जपून ठेवलं होतं.

आज दुपारी विचारलंच. "अहो, वाडीला कुणाबरोबर गेला होतात?"

हे चोरासारखे बघायला लागले. मग कबुली आली. पलीकडच्या गल्लीतले मास्तर आणि हे, दोघं मिळून बासुंदी खाऊन आले. मास्तरही पासष्टीच्या पुढचे. दोघांनाही डॉक्टरांनी गोड बंद केलंय.

"दत्ताचं दर्शनपण घेतलं," हे पुढं म्हणाले.

मी रागावले, रीतसर. साखर किती वाढली असेल ते ऐकवलं. पण आतल्या आत थोडी हिरमुसलेच होते, हे इथं लिहायला हरकत नाही. तीन दिवस सांभाळलेलं प्रकरण, आणि निघाली बासुंदी.

तिकीट टाकलं नाही. पुस्तकातच ठेवलंय, तसबिरीच्या प्रवेशात.

आत्ता दिवा मालवायला आले तर हे पांघरुणातून विचारतायत, "दुपारी फोनवर कुणाशी एवढी हसत होतीस?"

भावाशी बोलत होते. अजून सांगितलेलं नाही.