रुईचा चीक आणि दौंडजची खिंड

जेजुरी ते वाल्हे हा टप्पा लहान, १२ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे त्या दिवशी दिंडीत सगळेच जरा निवांत असतात आणि मला कडेची झाडं बघत चालता येतं. मी बीएएमएस आहे, गावात छोटा दवाखाना आहे माझा, आणि गेली सहा वर्षं माउलींच्या पालखीत एका दिंडीबरोबर औषधपाण्याची सेवा करते. आमची औषधांची जीप असते, ती पुढे जाऊन मुक्कामाला थांबते, पण मी जीपमध्ये बसत नाही, खांद्याला बॅग लावून चालते.

झाडं बघायची सवय कॉलेजपासूनची. द्रव्यगुण शिकवणाऱ्या आमच्या मॅडम वर्गात कमी आणि माळावर जास्त शिकवायच्या, पान चुरगळून वास घ्या, देठ मोडून चीक येतो का बघा, मग नाव सांगा. ते जे अंगात भिनलं ते भिनलंच. आता मला वारीचा रस्ता झाडांवरूनच पाठ आहे. आळंदीत समाधीपाशी अजानवृक्ष, सासवड आलं की अंजीर आणि सीताफळाच्या बागा (पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकन आहे, खाल्लंय त्याला कारण विचारावं लागत नाही), मग जेजुरीच्या पुढे माळावर पिवळ्या फुलांचा तरवड, पुढे तरडगावजवळ चांदोबाचा लिंब, जिथे पहिलं उभं रिंगण होतं आणि ज्या जागेच्या नावातच झाड आहे. रस्ता मोठा झाला तसे जुने वड बरेच गेले. ज्या वडाखाली बसून आम्ही पहिल्या वर्षी पिठलं-भाकरी खाल्ली होती तिथे आता डिव्हायडर आहे आणि मला दरवर्षी तिथून जाताना गलबलून येतं, उन्हात म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा राहिली नाही हे तर रोज डोळ्यासमोर दिसतं.

आणि एक बाग तर आमच्याबरोबरच चालत असते, बायकांच्या डोक्यावर. पहाटे टँकरला रांग असते, बाटलीभर पाणी मिळालं तर त्यातलं पहिलं दोन घोट पाणी तुळशीला, मग स्वतःच्या तोंडाला. मी हे इतक्या वेळा बघितलंय तरी दरवेळी थांबून बघते.

तर मागच्या वर्षीचा तो दिवस. दौंडजला न्याहारी झाली, खिंडीकडे निघालो, पाऊस भुरभुर येऊन गेलेला, कडेला टाकळ्याची कोवळी रोपं नुकती उगवलेली, मधे मधे घाणेरी, गाजरगवत तर सगळीकडेच. एका वळणावर मातीच्या ढिगाला लागून रुईचं मोठं झुडूप होतं, जांभळट फुलांचे झुबके आलेले, मी सवयीने थांबले. तर त्याची तीन-चार पानं कोणीतरी नुकतीच देठातून तोडलेली, तुटल्या जागी दुधासारखा चीक अजून ओला होता, थेंब खालच्या पानावर पडून ओघळलेला. मनात आलं, आज शनिवार तर नाही, मग मारुतीला हार करायला तोडली असतील असं वाटत नाही, आणि हारासाठी तीन-चार पानं कोण नेईल? एवढंच मनात आलं आणि मी पुढे चालू लागले.

वाल्ह्याला तंबू पडले, आमच्या जीपपुढे नेहमीची रांग लागली. पायाला फोड, पोटरीत गोळे, जुलाब, खोकला. साडेचारच्या सुमारास एक मावशी आल्या, साठीच्या पुढच्या, परभणीकडच्या, त्यांच्या सुनेनं हाताला धरून आणलं होतं.

"काय होतंय मावशी?"

"डोळ्यापुढं धूर आल्यावानी झालंय बघा, या उजव्या. दुखत काई नाई."

सुनेनं सांगितलं, मोतीबिंदू आहे म्हणून गावात सांगितलंय, तोच वाढला असेल. माझ्याबरोबरच्या कंपाउंडरने तोपर्यंत ड्रॉप्सची बाटली काढलीसुद्धा होती, धूळ गेली असेल म्हणून, आणि खरं सांगते, रांग एवढी होती की मीही ते थेंब घालून पुढच्या पेशंटकडे वळले असते. पण मोतीबिंदू दुपारच्या दुपारी वाढत नाही. टॉर्च मारला तर डोळा जरा लाल, आणि बुबुळावरची काच वाफ धरल्यासारखी धुरकट, डावा डोळा स्वच्छ. दोन फुटांवरून बोटं दाखवली तर त्यांना हात हलतोय एवढंच कळत होतं.

मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना माती चिकटलेली, पण साधी नाही, चिकट थरावर बसून काळी झालेली. मी म्हटलं, "मावशी, पाय दाखवा." त्यांना कळेना डोळ्याला पाय कशाला. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, मधे काळा ठिपका आणि भोवती वाळलेल्या फेविकॉलसारखा पांढरट पापुद्रा.

"खिंडीत रुईचा चीक लावला का?"

मावशी एकदम बघायला लागल्या. "तुमाला कसं कळलं माय? काटा भाईर येतो म्हनून लावला. आन् मग घाम डोळ्यात जाऊ लागला म्हनून पुसलं."

काट्याला रुईचा चीक हा आपल्याकडचा जुना उपाय, माझी आजीपण करायची. पण आयुर्वेदात रुईला उपविषात धरलंय ते उगाच नाही. चीक डोळ्यात गेला की आधी थोडी चुरचुर होते, मग दुखत नाही, आणि न दुखण्यामुळेच माणूस गाफील राहतो. तो चीक काचेच्या आतल्या थरापर्यंत पोचतो, तिथल्या ज्या पेशी काच कोरडी ठेवतात त्यांनाच इजा करतो, मग काचेत पाणी भरतं आणि ती फुगून धुरकट होते. त्या पेशी मेल्या तर पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून वेळ घालवायचा नसतो.

मावशींना जीपच्या मागच्या फळीवर आडवं केलं, सलाइनच्या बाटलीला सेट लावला आणि पापणी उलटून अर्धा तास डोळा धुतला, दोन बाटल्या संपल्या. सून टॉवेल धरून बसलेली, मावशी तोंडानं सारखं माउली माउली म्हणत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "माजी तुळस कुनाजवळ हाय?" शेजारच्या तंबूतल्या मुलीनं तुळस आणून त्यांच्या उशाशी ठेवली तेव्हा कुठे त्या हलायच्या थांबल्या. त्यांचे हात साबणाने तीनदा धुतले, काटा सुईने काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. स्टिरॉइडचे थेंब डोळ्यांच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय मी घालत नाही, त्यामुळे १०८ ला फोन केला आणि काय झालंय ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "रुईचा चीक, सकाळी दहा-साडेदहा".

रात्री कीर्तन सुरू व्हायच्या आधी आमच्या दिंडीप्रमुखांना विनंती केली. त्यांनी माइकवरून सांगितलं की माउली, काटा मोडला तर आधी औषधाच्या जीपकडे या, आणि रुईला हात लावलाच तर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नका. कीर्तन संपल्यावर तिघं जण येऊन हात दाखवून गेले, दोघांच्या बोटांना तशीच काळी चिकट माती होती. डोळे मात्र बरे होते.

मावशींची तुळस त्यांच्या सुनेच्या बहिणीनं डोक्यावर घेतली. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायची, पाणी घातलंय का. लोणंदला दोन फांद्या जरा मलूल वाटल्या म्हणून कुंडीत वरची माती हलवून दिली, नातेपुत्यापर्यंत नवीन पालवी आली.

वाखरीच्या आदल्या दिवशी, भंडीशेगावला, मावशी एसटीने येऊन दिंडीत हजर. डोळ्यावर काळा चष्मा, थेंबाची बाटली कमरेच्या पिशवीत. मी तंबूमागच्या शेताच्या बांधावर त्यांना उभं केलं, डावा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, समोर काय दिसतंय.

त्यांनी जरा मान पुढे काढली. "डाळिंब हाय की. तांबडी फुलं लागल्यात. आन् त्या कडंच्या झाडाची दोन फुलं खाली गळून पडल्यात."

मी जाऊन बघितलं. दोनच होती.