दाढा कितीही, बिल एकच

इंग्लंडात जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं की दातांचंही झालं, असा समज करून घेऊ नका. डेंटिस्टकडे तशी नोंदणीच नसते. वर्षानुवर्षं एकाच दवाखान्यात जात असलात, तरी एक उपचार संपला की त्यांची बांधिलकी संपली. पत्त्याची अट मात्र नाही, त्यामुळे शेजारच्या गावातही फोन करावा. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की यादी येते. पण त्यातली ‘नवे रुग्ण घेतो’ ही नोंद शिळी असू शकते, म्हणून फोनच. पहिला प्रश्न ‘एनएचएसवर घेता का?’ हाच. नाही म्हणणारा दवाखाना खासगीत लगेच वेळ देऊ शकतो. संध्याकाळी चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला हे संतापजनक वाटतं, आणि ते आहेच.

आत शिरल्यावर मात्र दरांचा नियम चक्रावून टाकतो. एप्रिल २०२५ च्या दरांनुसार पहिला बँड, म्हणजे दरगट, २७.४० पौंडांचा होता: तपासणी, एक्स-रे, वैद्यकीय गरज असेल तर क्लीनिंग. दुसरा ७५.३०: फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं. तिसरा ३२६.७०: कॅप, ब्रिज, कवळी. हे पैसे दातामागे नाहीत, उपचाराच्या अख्ख्या फेरीचे आहेत. एक दाढ भरा, नाहीतर चार भरून, पाचवी काढून सहावीचं रूट कॅनाल करा, ७५.३०च. तपासणीचे पैसे त्यातच आले. कॅप लागली तर सगळं मिळून ३२६.७०; बँडांची बेरीज होत नाही.

म्हणून पहिल्याच तपासणीत सगळं सांगून टाकावं: गार लागणारा दात, हिरडीतून येणारं रक्त, अन्न अडकणारी फट. ‘हे पुढच्या वेळी बघू’ म्हणालात की नवी फेरी, नवे पैसे. फेरी संपल्यावर दोन महिन्यांत त्याच किंवा खालच्या बँडचं काम निघालं, तर ते त्याच पैशांत होतं. फिलिंग किंवा कॅप वर्षाच्या आत बिघडली तर तोच दवाखाना फुकट दुरुस्त करतो. ‘हे तात्पुरतं आहे’ असं आधीच बजावलं असेल तर नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या बँडला लेखी आराखडा मिळतो. सहीआधी खासगीचा रकाना वाचा. दाढेत पांढरं फिलिंग निव्वळ दिसण्यासाठी हवं असेल तर ते तिथे जातं. चांदी टिकते, तिला उगाच नाक मुरडू नये.

तरीही रूट कॅनाल भारतवारीत उरकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. फक्त वेळेचा हिशोब चुकतो. नळ्या साफ करून भरणं एका बैठकीतही होतं, पण कॅपसाठी दाढ घासणं, माप घेणं, लॅबमधून येणं, चावा जुळवणं बाकी असतं. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठा. किडीने आणि छिद्राने दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. कॅपविना चावताना उभी चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. कॅप राहिलीच, तर मुळाच्या टोकापर्यंत भरलेलं दाखवणारा शेवटचा एक्स-रे फोनमध्ये घेऊन या, इथला डेंटिस्ट आधी तोच मागेल. तोंड सुजलं किंवा ठणका थांबेना, तर दवाखाने शोधत न बसता एनएचएसच्या १११ या मदतक्रमांकाला फोन; तातडीच्या उपचाराला पहिल्या बँडचेच पैसे पडतात. गिळता किंवा श्वास घेता येत नसेल, तर थेट ९९९.