कार्डावरचा विमा आईला लागू नव्हता

गेल्या जानेवारीत आईला घेऊन दिल्लीहून पुण्याला येत होते. धुक्यामुळे विमान नऊ तास लेट. विमानतळावरच्या लाउंजच्या दारात माझं क्रेडिट कार्ड चाललं नाही. फुकट प्रवेशासाठी आधीच्या तिमाहीत कार्डावर ठरलेला खर्च व्हायला हवा होता, तो झाला नव्हता. आई शाल गुंडाळून, सुजलेले पाय बॅगेवर ठेवून बाहेरच बसली. एअरलाइनने नियमाप्रमाणे खायला दिलं. सहा तासांपुढे उशीर असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागता येतात, हे मला तिथे रांगेत कळलं.

मे महिन्यात आम्हा दोघींना सिंगापूरला भावाकडे जायचं होतं. म्हणून विमान लेट झालं तर पैसे देणारं कार्ड शोधायला घेतलं. तीन बँकांना फोन केले. "मॅडम, ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे ना," एवढंच सगळे सांगत. मी पॉलिसीचा पूर्ण मजकूर ईमेलवर मागितला. दोघांनी पाठवला, तिसऱ्याने नुसतं ब्रोशर पाठवलं, त्याला तिथेच नाही म्हटलं.

वाचण्यात दोन संध्याकाळी गेल्या. एका पॉलिसीत सामान उशिरा आल्याचे पैसे होते, विमान उशिरा सुटल्याचे नव्हतेच. दुसरीत होते, पण बारा तासांनंतर, फक्त परदेश प्रवासात, तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तर, आणि फक्त कार्डधारकाला. जिच्यासाठी मी हे सगळं शोधत होते तिला एक रुपया मिळणार नव्हता. खूप राग आला.

मग विमा कार्डाकडून मागायचाच नाही असं ठरवलं. कार्ड निवडताना फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, आणि लाउंज एवढंच पाहिलं. जुन्या कार्डाचा मार्कअप 3.5 टक्के, वर त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे परदेशात लाखभर खर्चले की 4130 रुपये जाणार. नव्याचा 2 टक्के, म्हणजे 2360. लाउंजला खर्चाची अट नाही आणि सोबतचं माणूसही चालतं, हे बँकेकडून लेखी घेतलं. प्रवास विमा दोघींचा वेगळा काढला, विमानाला सहा तासांपुढे उशीर झाला तर पैसे देणारा. आईच्या वयामुळे तिचा हप्ता बराच जास्त पडला, तरी काढला.

परतीचं विमान सात तास लेट झालं. आई लाउंजमध्ये झोपली आणि मी काउंटरवर उभं राहून दोघींच्या नावाने उशिराचा दाखला घेतला. तो, बोर्डिंग पास, तिकिटं आणि रद्द केलेले चेक जोडून क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी पैसे आले, आईचे तिच्या खात्यात. ती दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री करून आली.