हत्तरगीचा मेसेज

दिवाळी पाडवा, रात्रीचे सव्वादहा

आज बेळगावातल्या गवळी गल्लीतल्या म्हशी बघून आलो. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा, अंगाला तेल लावून चकचकीत केलेल्या. लहानपणी बाबा मला खांद्यावर बसवून ही मिरवणूक दाखवायला न्यायचे, म्हणजे पाडव्याला घरी असले तर. बाबा ट्रकवर होते. त्यांच्या खांद्यावरून म्हशी बघितल्याचे पाडवे मला दोनच आठवतात. बाकीच्या पाडव्यांना आई संध्याकाळी ओवाळणीचं ताट तयार करून ठेवायची आणि निरांजन आपोआप विझलं की काही न बोलता ते आत नेऊन ठेवायची.

आज मी त्याच धंद्यात आहे, पण खुर्चीवर. उद्यमबागेतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्या लावायचं काम माझ्याकडं आहे. तेवीस गाड्या, सव्वीस ड्रायव्हर. कुठली गाडी कुठं जाणार हे मी ठरवतो. म्हणजे कुणाच्या घरी ताट तयार असूनही माणूस नसणार, हेही मीच ठरवतो.

घरात माझी ओवाळणी झाली. मुलं झोपली. फोन समोर ठेवून बसलोय, कारण एक गाडी अजून वाटेवर आहे. गाड्यांचे फास्टॅग ऑफिसच्या नंबरला जोडलेले आहेत, त्यामुळं टोल कापला की मेसेज मला येतो. खानापूरच्या पोराची गाडी कोगनोळीला टोल कापून पुढं आल्याचा मेसेज नऊ चाळीसला आला. पुढचा टोल हत्तरगीचा. कोगनोळी ते हत्तरगी साधारण तासाभराची वाट, मधे निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर. ह्या दोन मेसेजांमधला तास मला दोन वर्षांपासून नीट काढता येत नाही.

ते सगळं आज लिहून काढतो.

दोन वर्षांपूर्वीची धनत्रयोदशी. उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्या दिवाळीत आठवडाभर बंद असतात, त्यामुळं त्याआधीच्या चार दिवसांत सगळ्यांचा माल एकदम निघतो. इकडं भट्टी थंड व्हायच्या आत माल बाहेर काढायचा, तिकडं चाकणला माल घेणाऱ्या पार्टीचं गेट बंद व्हायच्या आत तो आत घालायचा. मधले साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर ड्रायव्हरचे. गेट चुकलं तर भरलेली गाडी सुट्टी संपेपर्यंत गेटाबाहेर उभी. माल सोडून ड्रायव्हरला हलता येत नाही. कँटीन बंद, आसपासची हॉटेलं बंद. दिवाळीची पहिली अंघोळ रस्त्याकडंच्या नळावर.

कडोलीचे मामा सकाळी नऊपासून फौंड्रीत लायनीत होते. अठरा टन कास्टिंग भरून, रस्सा आवळून, ताडपत्री टाकून गाडी निघाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा. मामा बाबांच्या बरोबरीच्या काळातले नव्हेत, पण बाबांच्या हाताखाली क्लीनर म्हणून चार वर्षं होते, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. गेटपाशी येऊन त्यांनी विचारलं, "दादा, परवाच्या अंघोळीला घरात असतो न्हवं मी?"

मी म्हटलं, "असता की मामा. सकाळी खाली करा, दुपारी निघा."

मी हिशोब केला होता आणि तो कागदावर जमत होता. फक्त त्यात झोप कुठं बसते हे मी बघितलं नव्हतं. खरं तर बघितलं होतं. चाकणला खाली करायला किती लाईन असते, सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामावर किती डायव्हर्जन आहेत, सगळं माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर मामांनी किल्ली टेबलावर ठेवली असती, आणि त्या रात्री माझ्याकडं दुसरा ड्रायव्हर नव्हता. म्हणून "असता की" म्हणालो.

हत्तरगीचा मेसेज बारा वाजून पंचवीस मिनिटांनी आला. कोगनोळीचा आलाच नाही.

संकेश्वरकडून निपाणीला उतरताना तवंदीचा घाट लागतो. तिथं किती गाड्यांचे ब्रेक गेलेत हे ह्या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. उताराला गाडी कशी न्यायची हे मामांना मी सांगायची गरज नव्हती. ज्या गिअरात ती चढ चढली असती त्याच गिअरात उतरवायची, हे त्यांनीच माझ्यादेखत कितीतरी पोरांना शिकवलंय. वंटमुरी सोडली की कडेला थांबून हाताची पालथी बाजू प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ नेऊन ऊब बघणारा हा माणूस. त्या रात्री तो थांबला नाही. वरच्या गिअरात उतरला, ब्रेकवर पाय राहिला, लायनर तापले, वास आला आणि पाय दाबून काही होईना. खाली गाड्यांची लाईन होती. मामांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली, शंभरेक फूट खडकाला घासत नेली आणि थांबवली. केबिनची कंडक्टर साइड आत गेली. मामांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

एका हातानं त्यांनी आधी गाडीच्या मागं दगड आणि फांद्या लावल्या. मग मला फोन केला. पहिलं वाक्य मला शब्दासकट पाठ आहे: "दादा, दुसरी गाडी लावून द्या आनी ई-वे बिलावर गाडीचा नंबर बदलून घ्या, न्हाईतर पुढं अडवतील." ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. मोडलेलं हाड धरून ते त्या मुदतीचा विचार करत होते.

नंतर कागद आले. विम्याच्या फॉर्मसोबत कंपनीचा एक अहवाल जातो. अपघाताचं कारण: ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. खाली सही माझी आहे. माणूस कधीपासून जागा होता, हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. नसला म्हणून काय झालं, समासात लिहिता आलं असतं.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा कायदा वाचून काढला. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तेव्हा लागू. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांवर काम नाही, त्याआधी अर्धा तास तरी विश्रांती. सणासुदीसाठी किंवा लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन जास्त काम घेता येई, पण त्यालाही मर्यादा होती: दिवसाला दहा, आठवड्याला चोपन्न तास. सणाच्या गर्दीचा विचार करून कुणीतरी १९६१ सालीच हे लिहून ठेवलं होतं आणि वीस वर्षं ह्या धंद्यात असून मी ते वाचलेलं नव्हतं. मामांच्या धनत्रयोदशीचे तास मी बोटांवर मोजले. लायनीत उभं राहिलेले चौदा तास आमच्याकडं कुणी कामात धरतच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. मामांचा हात तेव्हा अजून झोळीत होता. मी भेटायला गेलो होतो, टीव्हीवर पेट्रोल पंपांवरच्या रांगा दाखवत होते. मामा म्हणाले, "पळून जानाऱ्याला होऊ दे की शिक्षा. पन मानसाला वीस-वीस तास जागं ठिवनाऱ्याला कुठलं कलम लावत्यात?" मला उद्देशून म्हणाले नाहीत. बशीत चहा ओतून माझ्याकडं सरकवत, टीव्हीकडं बघत म्हणाले. ओशाळून मी चहा घेतला.

ड्रायव्हर जबाबदार पाहिजे, हे आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा बोललं जातं. माल त्याची जबाबदारी, टायर त्याची, डिझेल त्याची, सील, कागद, ताडपत्री त्याचीच. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे जीव तर आहेतच, आणि ते योग्यही आहे. पण घाटातला स्पीड दर वेळी घाटातच सुरू होत नाही. तो कधी कधी ऑफिसच्या गेटवर सुरू होतो, माझ्यासारख्याच्या तोंडातल्या "असता की" पासून.

यंदा खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली. रेडिएटरवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, जॅक, पाना, टामी सगळं धुऊन पाटावर मांडलेलं. कोहळा फोडून झाल्यावर मी तिथंच भिंतीवर दिवाळीचा तक्ता लावला, वीस दिवस आधी. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत प्रत्येक दिवशी कोण घरी आणि कोण बाहेर. खाली लाल शाईत: वसुबारसेनंतर पुण्याकडचं लोडिंग घेणार नाही. मालकांना ते पटलं नव्हतं. दोन पार्ट्यांनी माल दुसऱ्याकडं दिला आणि त्याचं नुकसान अजून त्यांच्या बोलण्यात येतं. मी मामांच्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल, उभ्या गाडीचे दिवस आणि गेलेलं भाडं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी कागद उलटा केला, पण तक्ता काढायला लावला नाही.

सगळ्यांना घरी ठेवता येत नाही. गोव्याला इथून रोज भाजी जाते, दूध जातं, लक्ष्मीपूजनालाही जातं. पाच जण बाहेर राहणारच होते. संकेश्वरच्या चाचांनी आपणहून नाव दिलं, पण दर वर्षी ते देतात म्हणून धरून चालायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला ह्या दिवसांत घरी काही काम आहे का?" ते जरा थांबले. म्हणाले, "हे कुनी इचारलं नव्हतं." मग म्हणाले, "रमजान ईदला मला चार दिवस पाहिजेत, आत्ताच लिहा." त्यांच्यासमोरच मार्चच्या पानावर लिहिलं.

नोव्हेंबरच्या पानावर आमच्या भागात एक तारीख आधीपासूनच असते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून १ नोव्हेंबरला मराठी माणूस काळा दिन पाळतो आणि त्याच दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक निघते. त्या दिवशी कोल्हापूर पासिंगच्या आमच्या तीन गाड्या मी यार्डातून हलवत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलवर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हापासूनचा हा नेम. स्टिअरिंगवर मराठी माणूस असो की कानडी, काच फुटली की ती त्याच्याच मांडीवर पडते.

धनत्रयोदशीला सगळ्यांना अर्धा किलो कुंदा, उटणं आणि एक शर्टपीस दिला. कुंदा चांगल्या दुकानातला होता, सगळ्यांनी आनंदानं घेतला. पूर्वी आम्ही एवढं वाटलं की आमची दिवाळी पार पडायची. हुक्केरीच्या अण्णानं मागं एकदा मिठाईचा बॉक्स हातात घेऊन मला विचारलं होतं, "ना यावाग मनिगी होगली?" मी घरी कधी जाऊ, एवढंच. तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी त्याच्या हातात आणखी एक बॉक्स दिला होता. यंदा त्यानं बॉक्स घेतला, तक्त्यावर आपल्या नावावर बोट ठेवून बायकोला फोनवर तारीख सांगितली आणि गेला.

आता हा खानापूरचा पोरगा. मे महिन्यात लग्न झालं, म्हणजे त्याचा पहिला दिवाळसण. आणि नेमका चाकणचा शेवटचा लोड त्याच्या पाळीला आला. बदली देता येईल का बघितलं, जमेना. मग त्याला बोलावून सांगितलं, "हे बघ, पाडव्याला तू घरी नसणार. नसणार म्हणजे नसणार. लवकरात लवकर पाडव्याच्या मध्यरात्री. झोप आली तर मधे झोप, सकाळी ये." त्याचं तोंड पडलं. नवीन लग्न झालेल्या पोराला हे सांगताना माझाही घसा कोरडा झाला. तो बाहेर गेला, अर्ध्या तासानं परत आला. म्हणाला, "सासऱ्यांशी बोललो. दिवाळसण भाऊबीजेला करताव म्हणाले. मीबी म्हटलं, निवांत यायलोय."

काल खाली झाल्यावर त्यानं फोन केला. चाकणला गाडीत सात तास झोपून निघाला. केबिनमध्ये पणती लावल्याचा फोटो पाठवला, डॅशबोर्डवर, बायकोनं दिलेल्या चिवड्याच्या डब्याशेजारी. मी त्याला पहिलं लिहिलं, गाडी चालू करायच्या आधी पणती विझव. त्यावर मामांनी ग्रुपवर लगेच "बरोबर" असं टाकलं. मामा आता बेळगाव-कोल्हापूरच्या पुढं जात नाहीत. संध्याकाळी नातवाला घेऊन आले होते, करंज्यांचा डबा दिला. नातवानं अंगणातला किल्ला बघितला आणि बुरुजावरचा मावळा कुठल्या बाजूला तोंड करून पाहिजे ह्यावरून माझ्या मुलाशी भांडला. मामा पायरीवर बसून बघत होते. डावा खांदा अजून जरासा खाली असतो त्यांचा. अहवालावरच्या माझ्या सहीबद्दल मी त्यांच्याशी आजही बोललो नाही. ते मला बोलायला पाहिजे, आणि समासात राहिलेलं त्या कागदावर लिहून मालकांना द्यायला पाहिजे. भाऊबीज झाली की कडोलीला जातो.

दहा चाळीस झाले. तास झाला. पोराला फोन करावासा वाटतोय, पण चालत्या गाडीत फोन वाजवायचा नाही हा नियम मीच लिहिलाय. पाणी पिऊन आलो.

दहा बावन्न. हत्तरगी. टोल कापला.

एक तास बारा मिनिटं. संकेश्वरला चहाला थांबला असणार. थांबू दे.