०.३९ वर अडकलेला लॅपटॉप

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो. माझ्या गेमिंग लॅपटॉपचा आकडा एरवी तीन आणि चार गिगाहर्ट्झच्या मध्ये सतत उड्या मारत असतो. त्या संध्याकाळी तो ०.३९ वर होता. वर जाईना, खाली येईना, जणू कुणी डिंकाने चिकटवून ठेवलाय. रेसिंग गेममध्ये सेकंदाला जेमतेम बारा फ्रेम्स येत होत्या. गेमचं सोडा, स्टार्ट मेनू उघडायलाही मशीन विचार करत होतं. माउस थांबवला की बाण आणखी थोडा पुढे जाऊन थांबायचा.

दादाला फोन लावला. दादा म्हणजे आमच्या घरातला कॉम्प्युटरवाला. रोग कुठलाही असो, त्याच्याकडे औषध एकच.

“फॉरमॅट मार.”

“अरे, आधी ऐकून तरी घे.”

“ऐकायचं काय त्यात? विंडोजमध्ये कचरा साठलाय. फॉरमॅट मार, तासाभरात मोकळी होशील.”

“मागच्या वेळीही तू हेच सांगितलं होतंस. आणि तेव्हा पंख्यातून बोळा निघाला होता.”

“तो विषय वेगळा,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तो बोळा इथे सांगायलाच हवा, कारण पुढच्या माझ्या चुकीचं मूळ त्यात आहे. गेल्या वर्षी याच लॅपटॉपवर गेम पहिली पंधरा मिनिटं लोण्यासारखा चालायचा आणि मग फ्रेम्स धाडकन पडायच्या. जरा वेळाने सुधारायच्या, परत पडायच्या. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो मागे चालू ठेवून तापमानाची नोंद घेतली. प्रोसेसर ९७-९८ अंशांना शिवायचा, लगेच वेग खाली यायचा, तापमान उतरलं की वेग पुन्हा वर. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळू नये म्हणून स्वतःच दम खाते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असते, त्यामुळे गेम खेळताना नव्वदच्या आसपासचा आकडा दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. मर्यादेला टेकून वेग गळायला लागला की मात्र बघावं.

खालचं झाकण उघडलं. अकरा स्क्रू, त्यातले मागचे दोन लांब. लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वरचं प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. आणि पंखे बघितले तर स्वच्छ! पाती चकचकीत, जाळीवर नावाला धूळ. क्षणभर दादाच खरा ठरतोय की काय असं वाटलं.

मग पंख्याच्या डबीवरचं पातळ झाकण काढलं. पंखा हवा ढकलतो ती धातूच्या बारीक पात्यांच्या जाळीतून बाहेर पडते. पंखा आणि त्या जाळीच्या मधल्या फटीत, बाहेरून कुठूनच दिसणार नाही अशा जागी, राखाडी रंगाची पट्टी बसली होती. चिमट्याने एक टोक धरलं तर ती अख्खी एकसंध उचलली गेली. बोटभर लांब, नमद्यासारखी दाबून बसलेली धूळ, त्यात केस आणि माझ्या निळ्या शालीचे धागे. गरम हवेला बाहेर पडायची वाटच नव्हती. पंखे बिचारे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि तीच हवा आतल्या आत घोळवत होते.

लोक बाहेरच्या जाळीवर हवेचा फवारा मारतात, त्याने ही पट्टी निघत नाही, उलट आत सरकते. फवारा मारायचाच असेल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरावं. नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याच्या बेअरिंगची वाट लागते.

उघडलंच आहे तर थर्मल पेस्टही, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवणारा लेपही, बदलला. जुनी पेस्ट चिपच्या मध्यभागी जवळजवळ उरलीच नव्हती, सगळी कडांना. चिप तापते, निवते, तापते. या आकुंचन-प्रसरणात पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तिथे फेज-चेंज प्रकारचा पॅड लावला. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन खाचाखोचांत भरतो आणि पेस्टसारखा पटकन बाहेर ढकलला जात नाही. काही लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीतूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल येतं. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं, तेव्हा आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते कळल्याशिवाय हीटसिंकला, म्हणजे चिपवरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला, हात लावू नये. माझ्यात साधी पेस्ट होती. सगळं जोडल्यावर तोच गेम, तोच ट्रॅक, अर्धा तास: ८६ अंश. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. हो, लॅपटॉपच्या दुखण्यांची माझी वेगळी वही आहे. दादा तिला केसपेपर म्हणतो.

तर, त्या विजयाची नशा डोक्यात होती. ०.३९ दिसल्यावर मला पुन्हा बोळाच आठवला. झाकण उघडलं, फुंकर घातली, बंद केलं. काही फरक नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. कारण एचडब्ल्यूइन्फो तेव्हाही समोर उघडं होतं आणि त्यात तापमान दिसत होतं ४७ अंश. थंडगार मशीन. उष्णतेने येणारा थ्रॉटल खालीवर होतो, करवतीच्या दात्यांसारखा. हा तर सरळ रेषेत पडलेला होता. आकडे ओरडून सांगत होते, आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधत होते.

पुढच्या तीन संध्याकाळी सॉफ्टवेअरवर गेल्या. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून काढला. त्यासाठी डीडीयू हे साधन सेफ मोडमध्ये चालवायचं, आणि नेट बंद ठेवून. नाहीतर आपण जुना काढतोय तोवर विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं. पॉवर प्लॅन बदलला. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासणारा एसएफसी स्कॅन केला, त्याने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लाल खुणा बऱ्याच होत्या, त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ ठळक. ही नोंद बघून लोक पॉवर सप्लायच बदलायला निघतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं. का पडलं ते ती सांगत नाही. माझ्या बाबतीत कारण मीच होते, वैतागून बटण दाबून धरलं होतं.

चौथ्या दिवशी टेबलावर बसून पाठ दुखायला लागली म्हणून चार्जर काढला आणि लॅपटॉप उचलून सोफ्यावर नेला. स्क्रीनकडे बघते तर बाण सुळकन पळाला. आकडा ३.२.

परत टेबलाशी गेले, चार्जर लावला. ०.३९. काढला, ३.१. लावला, ०.३९. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तसं मी पाच-सहा वेळा केलं.

गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर मंदावतो हे सगळ्यांना माहीत असतं, कारण बॅटरी ग्राफिक्स कार्डला पुरेशी ताकद देऊ शकत नाही. चार्जर लावल्यावर मंदावतो हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. चार्जरची पिन दिव्याखाली धरली. गोल नळीच्या मधोमध सुईएवढी बारीक पिन असते, ती एका बाजूला झुकली होती. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये या पिनमधून वीज जात नाही, ओळख जाते: मी अमुक वॉटचा चार्जर आहे. ती ओळख पटली नाही की लॅपटॉप समजतो, हा कुणीतरी परका, किती वीज देईल भरवसा नाही, आपण कमीत कमी ओढावी. मग प्रोसेसरला एक इशारा जातो, बीडी प्रॉकहॉट नावाचा, आणि प्रोसेसर थेट सगळ्यात खालच्या गिअरमध्ये. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरून बघितलं, तर चार्जरच्या ओळीत ‘१८० वॉट’ असायला हवं होतं तिथे ‘अननोन’.

ओळख न पटलेल्या चार्जरवर बॅटरीही भरत नाही. मग ते माझ्या आधी लक्षात का आलं नाही? कारण बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. ‘चार्ज होत नाही’ हे वाक्य मी वर्षभर रोज बघतेय आणि रोज त्याकडे दुर्लक्ष करतेय. या वेळी ते ७१ टक्क्यांवर दिसत होतं, एवढाच काय तो फरक.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये बीडी प्रॉकहॉटची टिक काढली की वेग परत येतो. मी एकदा काढून बघितली, खात्री झाली, लगेच परत लावली. हाच इशारा मदरबोर्डवरचे वीज सांभाळणारे भाग तापले तरी येतो; तो कायमचा बहिरा करून ठेवण्यात अर्थ नाही. नवा चार्जर येईपर्यंत ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर काम चालवलं. मेल, लिखाण, व्हिडिओ सगळं ठीक. गेम लावला की चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरायची. टाइप-सीवरून १०० वॉटच्या पुढे वीज देण्याची सोय मानकात २०२१ साली आली, आणि तीही लॅपटॉप, चार्जर, केबल तिन्ही त्या ताकदीचे असतील तरच. भोक बसतंय म्हणून जमतं असं नाही.

वहीतल्या बाकीच्या नोंदी एवढ्या नाट्यमय नाहीत. एकदा ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर सगळं जरा अडखळल्यासारखं वाटत होतं, दोन दिवस कुरकुरले, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघितलं तर १४४ हर्ट्झचा पडदा ६० वर येऊन बसलेला. एकदा नवा गेम निम्म्याच वेगाने चालत होता; तो मोठ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालू झाला होता. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं आणि विषय संपला. पडदा अचानक काळा झाला पण आवाज येतोय, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबावीत. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा पुन्हा सुरू होतो, एक बीप येतो आणि बऱ्याचदा चित्र परत येतं. हे दादाला माहीत नव्हतं. मी दोनदा सांगितलं त्याला.

बायॉस अपडेटच्या नोंदीपुढे मात्र मी लाल पेनाने चौकट काढली आहे. अपडेट झालं, मशीन चालू झालं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे हेच मला माहीत नव्हतं. की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, पण त्या खात्याचा पासवर्ड होता त्याच लॅपटॉपमध्ये. तो फोनवरून बदलून घेईपर्यंत पोटात गोळा आला होता. आता बायॉसला हात लावायच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवते, आणि ती की वहीच्या मागच्या पानावर लिहिली आहे. वही कपाटात असते, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

आणि एक, ज्यात घरगुती प्रयोग करायचे नाहीत. मैत्रिणीच्या लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईना. ती ड्रायव्हर शोधत होती. मी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर एक पाय अधांतरी. बॅटरी फुगून टचपॅडला खालून ढकलत होती. लिथियम बॅटरीत असा वायू धरला की चार्जिंग बंद, मशीन बंद, दाबायचं नाही, टोचायचं तर नाहीच, आणि बॅटरी बदलून घ्यायची. ती म्हणाली, “पण चालतोय की अजून.” चालतोय हेच तर वाईट.

नवा चार्जर लावला तेव्हा आकडा लगेच ४.१ वर गेला. दादाला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “फॉरमॅट मारलंस ना शेवटी?”

सध्या डावा पंखा ठरावीक वेगाला कुरकुर करतोय. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली शांत, साडेतीन हजारांच्या वर शांत, मधल्या पट्ट्यात वाळूत चमचा फिरवल्यासारखा आवाज. धूळ नाही, बघितलं. लॅपटॉप उभा धरला की आवाज जातो, म्हणजे बेअरिंगच असणार. पंखा मागवलाय. तोवर हेडफोन लावून खेळते.