मी सिंधू झालो तेव्हा

परवा एसटीने सावनेरवरून जाताना एकदम माझी सिंधू आठवली. राम गणेश गडकरी इथेच गेले ना, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांचं दारूवरचं नाटक 'एकच प्याला' स्टेजवर यायच्या आधीच, त्यातली पदंसुद्धा मग वि. सी. गुर्जरांनी लिहिली. हेच नाटक आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला केलं होतं, सिंधू म्हणजे त्यातल्या दारुड्या सुधाकरची बायको, आणि काम करणारी सगळी पोरंच, कारण मुलींच्या होस्टेलचं गेट साडेसातला बंद आणि आमची तालीम सुरूच व्हायची आठला. डायरेक्टर म्हणाला, बालगंधर्वांनी केली होती ना बे सिंधू, तू काहून नाही करत? आता याला काय उत्तर देणार! मिशी गेली.

सुधाकरला दारूला लावणाऱ्या तळीरामाचं टेन्शन नव्हतं, आर्यमदिरामंडळासाठी, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या क्लबासाठी, तर होस्टेलची अख्खी विंग रांगेत उभी होती. पाच अंकांचं नाटक कापून तासाभरात बसवलं, पदं उडवली, फक्त जात्यावरचं 'चंद्र चवथिचा' ठेवलं, तेही अर्धंच.

खरी गोची पदराची. मी दर दोन मिनिटांनी तो सावरत होतो, नाटकात बाया तसंच करतात असं वाटायचं. नागपूरच्या महाल भागातल्या एका मित्राची आजी, जातं तिच्याकडूनच आणलं होतं, ती तालीम बघून म्हणाली, अरे बाप्पा, पदराला इतकं काय धरून राह्यला, तो कुठं पळून जाते का? आणि मग स्वतः खाली बसून दाखवलं, एक पाय लांब, एक दुमडलेला, ताकद खांद्यातून लावायची मनगटातून नाही.

प्रयोगाला एंट्रीलाच शिट्ट्या, 'वहिनी वहिनी' ओरडा, माझे पहिले चार डायलॉग कोणाला ऐकूच गेले नाही. जात्याशी बसलो तेव्हा पोरं हळूहळू गप झाली, माझ्या ॲक्टिंगनं की त्या दगडाच्या घरघरीनं, देव जाणे.

शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच सिंधूला मारतो, आणि ती मरतामरता त्याला वाचवायला फौजदाराला खोटं सांगते, मीच पडले म्हणून. यावर तालमीत आम्ही दोन रात्री भांडलो होतो, तिनं असं करावं की नाही, आणि भांडणारे बाराच्या बारा पोरं. आजी तिथंच बसून होती, तिला कोणी विचारलंच नाही.

जातं परत द्यायला गेलो तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "पोहे खाऊन जा."