वर उचललेली खिडकी खाली का येत नाही

आमच्या मागच्या खोलीची खिडकी वर-खाली सरकणारी आहे, दोन झडपांची. खालची झडप उचलली की ती वरचीच्या पुढून वर जाते आणि जिथे हात सोडाल तिथे थांबते, म्हणजे थांबायची, मधे आम्ही काचा बदलून घेतल्या आणि तेव्हापासून ती थांबेनाच. पहिले दोन दिवस मला वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू. तिसऱ्या दिवशी आई खालची पट्टी पुसत होती, तिने हात मागे घेतला आणि झडप धाडकन खाली आली. फडकं खाली चिमटलं गेलं, इतकं घट्ट की झडप उचलल्याशिवाय ओढून निघेना. ते फडकं बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण अर्धा सेकंद आधी तिथे तिची बोटं होती.

काच बसवणाऱ्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, काठीचा टेकू लावा, जुन्या खिडक्यांना सगळे तेच करतात. करतात खरं, पण मला ते अजिबात पटत नाही. टेकू एकाच उंचीवर चालतो, आणि त्याला कुणाचा धक्का लागला, जोराचा वारा आला, की अख्खी झडप खाली. शिवाय ही खिडकी आधी टेकूशिवाय इतकी वर्षं थांबत होतीच ना, मग ती कशाच्या जोरावर थांबत होती ते तरी बघू, असं म्हणून मी झडप काढायला घेतली, आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी फक्त ह्याच विषयात बुडालेले आहे.

पूर्वी अशा खिडक्यांना वजनं असायची हे बऱ्याच जणांना माहीत असेल. चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना पोकळी, तिच्यात बिडाचं किंवा शिशाचं लांबट वजन, दोरी वर कप्पीवरून येऊन झडपेला बांधलेली. झडप वर गेली की वजन खाली जातं. युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे चालत आलंय आणि खरं सांगायचं तर ह्याहून चांगलं काही नाही, कारण वजन सगळ्या उंचीवर सारखंच असतं, ते थकत नाही, सैल पडत नाही, कुजते ती फक्त दोरी. पण त्या पोकळीमुळे चौकट जाड होते, पोकळीतून वारा येतो, म्हणून नंतर लोकांनी वजनाच्या जागी स्प्रिंग आणली. आणि इथेच गंमत सुरू होते.

स्प्रिंगचा स्वभाव असा की जितकी ताणाल तितकी ती जास्त जोराने ओढते. रॉबर्ट हुकने हे १६७६ मध्ये आधी अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखं छापलं आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितलं, जसा ताण तसा जोर. पण खिडकीला तसं नकोच आहे! झडपेचं वजन खालीही तेवढंच, मधेही तेवढंच, वरही तेवढंच, तिला जोर सगळीकडे एकसारखा हवा. त्यातून साधी स्प्रिंग वर टांगली तर ती खिडकी बंद असताना सगळ्यात जास्त ताणलेली असणार, म्हणजे जिथे जोराची गरज नाही तिथे भरपूर जोर, आणि झडप वर उचलली, जिथे तिने खरोखर धरून ठेवायला पाहिजे, तिथे स्प्रिंग सैल. अगदी उलटं. त्यामुळे खिडकीच्या स्प्रिंगांचे जेवढे प्रकार मी बघितले ते सगळे ह्या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, की दर इंचाला जोर बदलणाऱ्या स्प्रिंगकडून एकसारखा जोर काढायचा कसा.

माझ्या खिडकीत निघाल्या त्या नळ्या. झडपेच्या दोन्ही कडांना खाच असते, त्या खाचेत बोटापेक्षा बारीक एक पोकळ नळी, तिचं वरचं टोक चौकटीला स्क्रूने बसवलेलं. नळीच्या आत लांब स्प्रिंग आणि तिच्या मधोमध पीळ दिलेली एक पट्टी, म्हणजे सपाट पट्टी घेऊन दोन्ही टोकांनी पिळली तर जशी दिसेल तशी, मी तिला रॉडच म्हणते. नळीच्या खालच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा छोटा बुश, त्याला चीर, आणि रॉड त्या चिरेतून बाहेर येऊन झडपेच्या खालच्या कडीला अडकतो. झडप खाली ओढली की रॉड सरळ खाली येतो, पण तो पिळाचा असल्यामुळे बुशला फिरावंच लागतं, आणि बुश फिरला की स्प्रिंगला पीळ बसतो. म्हणजे खिडकी बंद करताना आपण स्प्रिंगला चावी देत असतो, आणि उघडताना तीच चावी उलगडते आणि झडप उचलायला मदत करते.

हे कळल्यावर मी एक रॉड खिडकीपाशी उजेडात धरून नुसतं बघत बसले. त्याच्यावरून नख फिरवत गेले तर कडीकडच्या टोकाला पीळ दाट, आणि नळीत जाणाऱ्या टोकाकडे तो हळूहळू विरळ होत गेलेला. आधी वाटलं रॉड वापरून वापरून ताणला गेलाय. पण दुसऱ्या बाजूचाही तसाच! मग डोक्यात प्रकाश पडला. खिडकी बंद असते तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली, आणि त्या वेळी बुशपाशी रॉडचा विरळ पिळाचा भाग असतो, विरळ पीळ म्हणजे स्प्रिंगच्या फिरवण्याच्या जोरातून उचलण्याचा जोर कमी निघतो. झडप वर जाते तशी स्प्रिंग सैल होते, पण बुशपाशी येतो दाट पिळाचा भाग, त्यातून जोर जास्त निघतो. एक कमी होतं तेव्हा दुसरं वाढतं, गुणाकार जवळजवळ तोच राहतो. एवढंसं लोखंड, त्याच्यावर कोणी तरी बसून सगळा हिशोब पिळून ठेवलाय. जुन्या चावीच्या घड्याळांत पंधराव्या शतकापासून शंकूच्या आकाराची कप्पी असते ना, चावी भरलेली असताना दोरी बारीक भागावरून आणि उतरत आल्यावर रुंद भागावरून ओढली जाते, ती हीच युक्ती.

दुसरा प्रकार कप्प्यांचा. एका धातूच्या पन्हाळीत ताणाची स्प्रिंग आणि तिला जोडलेल्या छोट्या कप्प्या, त्यांच्यावरून दोरीचे फेरे. समजा दोरीचे ६ फेरे आहेत आणि झडप ६० सेमी सरकते, तर स्प्रिंग फक्त १० सेमी ताणली जाते, बदल्यात तिला सहापट जोराची असावं लागतं. मुळात ती बरीच ताणूनच बसवलेली असते त्यामुळे आणखी १० सेमीने फार फरक पडत नाही. पुष्कळ खिडक्यांत हेच असतं, बिघडते ती बहुतेक दोरीच.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडला, गुंडाळी. स्टीलची पातळ पट्टी, जी मुळातच गोल गुंडाळलेलं राहायचं असं ठरवून बनवलेली असते, रंधा मारताना लाकडाचा कुरळा छिलका निघतो तशी दिसते. तिचं टोक ओढलं की ती उलगडते, सोडलं की परत गुंडाळते. आणि जोर? पहिल्या काही सेंमीनंतर जवळजवळ एकसारखा, कारण कुठल्याही क्षणी सरळ होत असतो तो फक्त गुंडाळीतून नुकताच बाहेर पडणारा छोटासा तुकडा, बाकीची पट्टी एकतर आधीच सरळ झालेली किंवा अजून गुंडाळलेलीच. कितीही ओढा, काम तेवढ्याच तुकड्याचं. हुकचा नियम मोडलेला नाही, फक्त ताणण्याची जागा हलत राहते. झडप जड असली तर अशा दोन-तीन गुंडाळ्या एकावर एक बसवतात. इतकं सरळ उत्तर आहे की पहिल्यांदा समजलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

(खिडकीबाहेरही हा प्रश्न आहेच. टेबलावरचा तो स्प्रिंगांचा दिवा, जिथे ढकलू तिथे थांबणारा, जॉर्ज कारवर्डीन ह्या ब्रिटिश इंजिनिअरने त्याचं पेटंट १९३२ मध्ये मागितलं, आणि तो मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा माणूस होता. म्हणजे स्प्रिंगांशीच त्याचा रोजचा संबंध.)

आता माझ्या खिडकीचं काय झालं ते. काचेचं वजन काढायला एक आकडा लक्षात ठेवला की पुरतो, १ चौरस मीटर काच, जाडी १ मिमी, वजन अडीच किलो. माझ्या झडपेची काच ९० बाय ६० सेमी, म्हणजे ०.५४ चौरस मीटर. जुनी काच ३ मिमीची होती, म्हणजे साधारण ४ किलो. नवीन काच दुहेरी, ४ आणि ४ मिमी, म्हणजे पावणेअकरा किलो. झडपेचं लाकूड साधारण ४ किलो धरलं तर आधी सगळं मिळून ८ किलो होतं ते आता १५ च्या जवळ. खात्री करायला बाथरूमचा वजनकाटा आणला, आधी एकटी उभी राहिले, मग झडप हातात घेऊन, फरक आला १४.९. जवळजवळ दुप्पट! आणि स्प्रिंगा त्याच जुन्या. त्यांचा काही दोष नव्हता, त्या ८ किलोसाठी होत्या आणि इमानेइतबारे ८ किलोच उचलत होत्या. काच बसवताना एकदा वजन करून बघायला पाच मिनिटं लागली असती, ती न दिल्यामुळे आईची बोटं जाता जाता राहिली, ह्याचा मला अजून राग येतो.

नळीच्या स्प्रिंगचा ताण वाढवता येतो. कडी सोडवायची, रॉड थोडा बाहेर ओढायचा आणि फिरवून जास्तीचे फेरे द्यायचे, मग परत कडीत अडकवायचा. हे करताना रॉड पक्कडीने घट्ट धरा, खरंच सांगते, हातातून सुटला तर तो भिरभिरत फिरतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. मी प्रत्येक बाजूला ४ फेरे जास्त दिले. झडप मधे थांबायला लागली, अगदी वर मात्र हळूच घसरायची, पण चार-पाच दिवस बरं चाललं आणि मग एका दुपारी आतून टण्ण असा आवाज आला आणि डाव्या बाजूची स्प्रिंग गेली. फेरे देऊन एक-दोन किलोची कसर भरून निघते, ७ किलोची नाही. वजन बदललं की स्प्रिंगही बदलायची, दुसरा इलाज नाही. नवीन मागताना झडपेचं वजन, तिची उंची आणि नळीची लांबी-जाडी हे सगळं सांगायचं. नळीच्या बुशचा रंग आणि कप्पीवाल्या पन्हाळीवर ठोकलेले आकडे ह्यांतूनही तिची ताकद कळते, म्हणून जुनी फेकून देऊ नका, सोबत ठेवा.

आणि जोर दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणजे माझ्या १४.९ किलोला प्रत्येकी साडेसातची स्प्रिंग. एकच बदलली तर झडप तिरकी होऊन चौकटीत अडकते, दोन्ही एकदम बदला.

घर्षणाचंही बोलायला हवं, कारण ते सगळे शत्रू समजतात. स्प्रिंग आणि वजन अगदी ग्रॅमपर्यंत कधीच जुळत नाहीत, मधला फरक झडप आणि चौकट ह्यांच्यातलं घर्षण सांभाळतं. हलक्या झडपांना तर कधी कधी नुसती धनुष्यासारखी वाकवलेली पट्टी कडेच्या फटीत खोचतात, ती दाबून घर्षण वाढवते, बस. मी नवीन स्प्रिंगा बसवल्यावर उत्साहाने खाचांना भरपूर सिलिकॉन स्प्रे मारला आणि झडप परत हळूहळू सरकायला लागली, कोरड्या फडक्याने पुसून काढला तेव्हा थांबली. साधं तेल तर नकोच, धूळ धरतं.

ज्यांच्या झडपा आत कलतात त्यांना एक सांगते. तिथे झडप दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांवर टेकलेली असते आणि झडप कलवली की ठोकळ्यातला गोल भाग फिरून चौकटीत घट्ट पकड घेतो. ती पकड बसलेली नसताना झडप उचलून काढली तर ठोकळा गोळीसारखा वर जातो. डोळ्यांना चष्मा, आणि तोंड खाचेच्या रेषेत ठेवायचं नाही.

आता खालची झडप कुठेही सोडा, थांबते, आईने परवा बोटभर उघडी ठेवून बघितली आणि म्हणाली, "अगं, आता हिला भीत नाही मी." वरची राहिली आहे. ती नेहमी वर मिटलेली राहायला हवी, म्हणून तिच्या स्प्रिंगचा जोर वजनापेक्षा जरासा जास्त लागतो, आणि खालचीचा जरासा कमी, म्हणजे तीही आपण होऊन बंदच राहते, वजनांच्या काळापासून असंच करतात. वरचीचं वजन केलंय, १५.२ किलो. शनिवारी बसवणार, आणि प्रत्येक बाजूला एक फेरा जास्तीचा देऊन बघणार आहे.